वाट पाहणारा वारस

भाईंदर पश्चिमेहून उत्तन-चौकाकडे जाणारी बस धरली, की मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी अशी गावे एकामागून एक मागे पडतात आणि चौकाच्या टेकडीपाशी पोचताच समुद्र आणि खाडी दोन्ही एकाएकी नजरेत येतात. पलीकडे वसईचा किनारा. या टेकडीवर धारावीचा जुना किल्ला आहे. मुंबईतल्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना आम्हाला दर वेळी सांगावे लागते. चिमाजीअप्पांच्या माणसांनी वसईच्या मोहिमेत १७३९ साली तो घेतला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज या किनाऱ्यावरून हटले. पुढे अवघ्या छत्तीस वर्षांनी, ६ मार्च १७७५ या दिवशी, सुरतेत एक तह झाला आणि त्या तहाने वसई आणि आमचे हे सारे साष्टी बेट इंग्रजांना लिहून देण्यात आले. लिहून देणारा गृहस्थ परका नव्हता. तो चिमाजीअप्पांचा सख्खा पुतण्या होता.

रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांना दूषणे देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते काम शाळेच्या पुस्तकांनी आणि नाटकमंडळ्यांनी भरपूर केलेले आहे, आणि मास्तर या नात्याने त्यात माझाही थोडा वाटा असणारच. मला प्रश्न पडतो तो निराळाच. एवढा पराक्रमी पुरुष, आपल्या चुलत्याने रक्त सांडून घेतलेला मुलूख असा कागदावर देऊन टाकण्यापर्यंत कसा आला? याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे देता येईल, की हा माणूस आयुष्यभर गादीच्या रांगेत दुसरा होता. पण हे उत्तर फार सोपे झाले. रांगेत दुसरे पुष्कळ जण असतात. सगळेच काही साष्टी विकत नाहीत.

वारस या शब्दाकडे जरा नीट पाहा. जगातली बहुतेक पदे माणसाला काहीतरी केल्याने मिळतात. परीक्षा दिली, लढाई जिंकली, दुकान चालवले, म्हणून मिळतात. वारसाचे पद मात्र दुसऱ्या कोणीतरी नाहीसे झाल्याने मिळते. ज्याच्या मांडीवर आपण खेळलो, ज्याच्या पाया पडतो, त्याच्या शेवटच्या श्वासात आपला पहिला दिवस दडलेला असतो. हे नाते वारसाने मागून घेतलेले नसते. जन्माने ते त्याच्या गळ्यात पडलेले असते. सणासुदीच्या दिवशी असले बोलू नये म्हणतात; पण आपली दिवाळी ज्या रामाच्या परतण्याशी लोक जोडतात, त्याची कथासुद्धा गादीवर पुढे कोण बसणार याच प्रश्नापासून वनाकडे वळते, हे विसरून कसे चालेल?

आपल्या धर्मशास्त्रकारांना या नात्यातले विष कळलेले असावे असे मला वाटते. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ महाराष्ट्रात शेकडो वर्षे प्रमाण मानली गेली. तिचा सिद्धान्त असा, की वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बंगालमध्ये चालणारा जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ उलट सांगतो, की बाप गेल्यावरच मुलाचा हक्क सुरू होतो. वकिलांना हा भेद कोर्टातल्या दाव्यापुरता महत्त्वाचा वाटतो. मला त्यात माणसाच्या मनाचा केवढा तरी विचार दिसतो. मिताक्षरेप्रमाणे मुलगा बापाच्या मरणाची वाट पाहणारा उमेदवार नाही, तो आधीच भागीदार आहे. बाप जगला तरी त्याचे काही बुडत नाही. वाट पाहण्याचे पापच शास्त्राने मुळात उपटून टाकले. हा हक्क तेव्हा फक्त मुलग्यांचा होता. मुलीला जन्मतः भागीदार व्हायला महाराष्ट्रात १९९४ साल उजाडावे लागले आणि साऱ्या देशात २००५. ती गोष्ट पुढे येईलच.

पण जमीन वाटता येते, गादी वाटता येत नाही. एकाच पाटावर दोघांना बसवता येत नाही, म्हणून राजघराण्यात मिताक्षरेची ही उदारता चालत नाही. तिथे एक बसतो आणि बाकीचे उभे राहतात. (सातारा आणि कोल्हापूर अशी वाटणी १७३१ साली वारणेच्या तहाने झाली खरी, पण त्याआधी किती वर्षे चुलत भावांच्या फौजा एकमेकींवर धावल्या होत्या, ते आठवावे.) पेशवाई तर मुळात गादीही नव्हती, ती चाकरी होती. शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना ती १७१३ साली दिली, त्यांच्या पश्चात मुलाला दिली, त्याच्या पश्चात नातवाला दिली, आणि बघता बघता नोकरीची मिरास झाली. आमच्या शाळेत हेडमास्तरांची खुर्ची त्यांच्या चिरंजीवाला मिळू लागली, तर गावात काय बोलतील याची कल्पना करावी. दौलतीच्या बाबतीत मात्र ते कुणाला खटकले नाही.

राघोबादादा पहिल्या बाजीरावांचे धाकटे चिरंजीव, जन्म १७३४ चा. थोरले बंधू नानासाहेब पेशवे होते तोवर दादांच्या मनात काय होते हे सांगता येत नाही. पण त्यांच्या हाताला काम होते, एवढे नक्की. १७५८ च्या एप्रिलात ते लाहोरात होते. मराठी घोडी अटकेपार गेली असे आपण अभिमानाने म्हणतो, ते त्यांच्याच मोहिमेच्या बळावर. मग १७६१ साल आले. पानिपतावर विश्वासराव गेले. म्हणजे गादीचा खरा वारसच गेला. पाच महिन्यांत नानासाहेबही गेले, आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांना मिळाली. माधवराव दुसरे चिरंजीव. विश्वासराव जगते, तर ते कधी पेशवे झालेही नसते. ज्याला कुणी गादीसाठी वाढवले नव्हते तोच सर्वांत कर्तबगार निघाला, यात काय समजायचे ते वाचकांनी समजावे.

सत्तावीस वर्षांच्या, लाहोर पाहून आलेल्या काकाने सोळा वर्षांच्या पुतण्यापुढे मान लववायची होती. ते जमले नाही. १७६२ मध्ये आळेगावापाशी चुलत्या-पुतण्यांत लढाई झाली. दादांनी ती जिंकली आणि कारभार हाती घेतला. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर निजामाला दोघांनी मिळून हरवले, आणि तिथे माधवरावांचे तेज असे दिसले की कारभार आपोआप त्यांच्याकडे परतू लागला. मग दादांनी वाटणी मागितली. ती मिळेना. १७६८ साली धोडपच्या लढाईत माधवरावांनी काकांना हरवले आणि पुण्याला आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

या नजरकैदेपाशी मी नेहमी थांबतो. चौतिशीतला सेनापती, आणि त्याला दिलेले काम कोणते, तर काहीच नाही. भोवती देवधर्म, अनुष्ठाने, नोकरचाकर. समोर खोकणारा पुतण्या, कारण माधवरावांना तोवर क्षयाने धरले होते. रोज सकाळी उठून याने काय विचारायचे? ‘श्रीमंतांची प्रकृती कशी आहे?’ घरातला कोणीही हा प्रश्न मायेने विचारील. पण रांगेत दुसरा असलेल्या माणसाने तो विचारला, की ऐकणाऱ्यालाही त्यात दुसरा अर्थ ऐकू येतो आणि विचारणाऱ्यालाही. प्रेमाचे वाक्यच नासून जाते. वारसपणाची खरी शिक्षा मला यात दिसते. गादी न मिळण्याचे दुःख त्यामानाने साधे आहे.

इंग्लंडात चार्ल्स नावाचा मुलगा १९५२ साली, वयाच्या चौथ्या वर्षी, गादीचा पहिला वारस झाला आणि २०२२ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, राजा झाला. सत्तर वर्षे सगळ्या जगासमोर हा माणूस आईच्या मागे उभा होता. पण त्याने या काळात शेती केली, जुन्या इमारतींसाठी भांडला, बेकार तरुणांसाठी १९७६ मध्ये संस्था काढली. कोणी त्याला हसले, कोणी नावे ठेवली. तरी त्याचे दिवस त्याचे स्वतःचे होते. इकडे आपल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच. सहा वर्षे त्याला अभ्यासाला जुंपले, आणि १८८१ च्या अखेरीस राज्याचे अधिकार मिळाले तेव्हा त्याचा सयाजीराव झालेला होता. त्यालाही थांबावे लागले, पण रिकामे नाही. दादांच्या वाट्याला नुसता रिकामपणा आला. हा दोष दादांचाच म्हणायचा की त्यांना असे बसवून ठेवणाऱ्यांचाही, हा विचार माधवरावांवर जीव असणाऱ्यांनीही करायला हरकत नाही. माझाही त्यांच्यावर जीव आहे.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी काकांना मोकळे करून धाकट्या नारायणरावांना त्यांच्या हवाली केले. मरणाऱ्या माणसाने ठेवलेला हा विश्वास भोळा होता की दुसरा उपायच नव्हता, कोण जाणे. नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावांना मारले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक लहानपणापासून आपल्या कानात बसलेली आहे. आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या ‘ध’ चा ‘मा’ केला ही गोष्टही प्रत्येकाला पाठ आहे. इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. एका बाईच्या माथी सगळे मारून मोकळे व्हायला मात्र ती फार सोयीची आहे. पण घटकाभर ती खरी धरून चाला. दादांनी फक्त ‘धरावे’ लिहिले होते. म्हणजे जो पुतण्या भावाने मरताना हाती सोपवला, त्याला कैद करावे एवढीच त्यांची इच्छा होती. मग ते निर्दोष ठरतात काय? भाडोत्री हत्यारे वाड्यात आणायची, ती पाजळलेली पाहायची, आणि मग म्हणायचे की मी अक्षर निराळे लिहिले होते! रामशास्त्री प्रभुण्यांना अक्षराच्या वादात शिरण्याची गरज वाटली नाही. देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे त्यांनी सांगितले आणि पुणे सोडले, अशी त्यांची ख्याती आहे.

आजचा कायदाही रामशास्त्र्यांच्याच बाजूचा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, की खून करणाऱ्याला किंवा खुनाला साहाय्य करणाऱ्याला त्या मृताचा वारसा मिळत नाही. त्याच कायद्यात दुसरेही एक कलम आहे, आणि ते वाचताना मला पुरंदर आठवतो: मृत्यूच्या वेळी गर्भात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले, तर ते आधीच जन्मलेले होते असे समजून त्याला हक्क मिळतो. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. दादांनी पेशवाईची वस्त्रे मिळवली, पण नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवले. एवढी वर्षे वाट पाहून दादा पाटावर बसले, आणि त्यांच्या नि गादीच्या मध्ये आता न जन्मलेले मूल उभे राहिले! १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे देण्यात आली.

इथून सुरतेचा रस्ता जवळ होता. दादांनी अडीच हजार फौजेची मदत मागितली, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवले आणि साष्टी-वसई लिहून दिली. गंमत अशी, की तह होण्यापूर्वीच, १७७४ च्या डिसेंबरात, इंग्रजांनी ठाणे काबीज केले होते. जे चोरीला गेलेच होते ते यांनी दान म्हणून दिले. पुढे सात वर्षे लढाया झाल्या, वडगावला इंग्रजांची फजिती झाली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई पेशव्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. म्हणजे आमच्या भाईंदरची खाडी, जिच्यावरून आज लोकल खडखडत जाते, ती पुढे पस्तीस वर्षे दोन राज्यांची हद्द होती. दादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. ती घेऊन ते कोपरगावी राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव होळकरांच्या भीतीने पळाला तो याच खाडीच्या पलीकडच्या काठावर, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्याने सही करून उरलेसुरले स्वातंत्र्यही इंग्रजांच्या हाती दिले. १८१८ नंतर तो आठ लाखांच्या सालिन्यावर ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. १८५१ मध्ये तो मेला, तेव्हा त्याचे दत्तक पुत्र नानासाहेब रांगेत पुढे आले. इंग्रजांनी सांगितले, हा सालिना वारसाला मिळत नाही.

दादांच्या आधी शंभरएक वर्षे मागे गेले, तर रायगडावर एक बाई दिसते. १६८९ चा मार्च. संभाजी महाराजांची हत्या झालेली, गडाला मोगलांचा वेढा, आणि येसूबाईंच्या पदराशी सात वर्षांचेही न झालेले शाहू. हक्काने पाहिले तर गादी त्या मुलाची. येसूबाईंनी दिराला, राजारामांना, पुढे केले. त्यांनी गडाबाहेर पडावे आणि राज्य राखावे असा सल्ला दिला, आणि स्वतः मुलासह गडावर राहिल्या. राजारामांनीही शाहूंच्या वतीने कारभार पाहतो ही भूमिका ठेवली. नोव्हेंबरात गड पडला. मायलेक कैदेत गेले. शाहू १७०७ साली सुटले, येसूबाईंना स्वराज्यात परत यायला १७१९ साल लागले. तीस वर्षे! मुलाचा हक्क आईने सोडला नाही, फक्त बाजूला ठेवला. आणि गादी वेगळी, राज्य वेगळे, हा भेद त्या घडीला तिला दिसला. दादांना तो शनिवारवाड्याच्या स्वस्थतेतही दिसला नाही.

येसूबाई आणि रामायणातला भरत यांची नावे घेतली की आपले डोळे भरून येतात आणि ‘त्याग’ हा शब्द ओठांवर येतो. इथे मात्र जपून बोलावेसे वाटते. भरताने पादुका सिंहासनावर ठेवल्या याला मोल आहे, कारण सिंहासन त्याला खरोखरच घेता येत होते. आईने वर मागून ठेवलेला, बाप गेलेला, भाऊ वनात. अडवणारे कोणी नव्हते. ज्याला घेता येते त्याने न घेणे हा त्याग. ज्याच्या हाती घेण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याच्याकडून सही घेऊन त्याला त्यागमूर्ती म्हणणे याला दुसरे नाव आहे.

हे मी कुणाबद्दल बोलतो आहे, ते आमच्या भागातल्या घराघरांत कळेल. इथल्या भातशेतीला आणि आगरांना पूर्वी कोण विचारीत होते? बहिणी लग्न होऊन पलीकडच्या गावी जात, माहेरची साडीचोळी घेत, आणि त्यांच्या मनात जमिनीचा विचारही येत नसे. मग वस्ती वाढली, बिल्डर आले, गुंठ्याचा भाव ऐकून म्हाताऱ्यांना घेरी येऊ लागली. आता घरोघरी छोट्या छोट्या गाद्या झाल्या आहेत आणि प्रत्येक गादीमागे रांग आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाला ‘मी मोठेपणी कोण होणार’ हा निबंध घातला, तर त्याने एकच ओळ लिहून दिली: ‘आमची जागा आहे.’ मुलगा हुशार होता, चित्रे फार सुंदर काढी. त्याच्या घरी आजोबा अंथरुणाला खिळलेले होते, आणि सगळे घर कसलीतरी वाट पाहत होते. बारा वर्षांच्या पोराला ते कळले होते.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या ओळखीची एक बाई माझ्याकडे एक कागद वाचून घ्यायला आली. वडील त्याच वर्षी गेलेले. भाऊबीजेला तिने भावांना ओवाळले, तेव्हा तबकात दर वर्षीपेक्षा जड ओवाळणी पडली आणि जेवणे झाल्यावर थोरल्या भावाने हा कागद पुढे केला. हक्कसोडपत्र होते. मी मोठ्याने वाचत गेलो. ‘मी कोणाच्याही दडपणाखाली नसून स्वखुशीने…’ या शब्दांशी तिने मला थांबवले.

“गुरुजी, स्वखुशीने म्हणजे काय हो?”

मी अर्थ सांगितला. तो तिला ठाऊक होताच. मग ती म्हणाली, “सही दिली नाही तर काय होईल?”

“कायद्याने काही होणार नाही. हिस्सा तुमचा आहे. भावांइतकाच.”

“कायद्याचं नाही विचारत मी. माहेराचं विचारते.”

भाऊ काही वाईट नाहीत. मी त्यांना ओळखतो. धाकटा माझ्याच हाताखाली शिकला. बापाच्या आजारपणात त्यांनी रात्री जागवल्या आहेत, नाक्यावर कुणाची गाडी अडली तर धावून जाणारी माणसे आहेत. बहीण परक्या घरी गेली, तिचे तिथे भागते आहे, आम्ही इथे चिखलात राबलो, असे ते म्हणतात, आणि त्यात अगदी काहीच तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. पण तथ्य असेल तर ते तिच्यासमोर बसून बोलावे. वाटणी किती कमीजास्त करायची ती करावी. तिने अर्धे सोडले तरी ते तिने सोडलेले असेल. ओवाळणीच्या तबकाखाली कागद सरकवायचा आणि वर ‘स्वखुशीने’ हा शब्द तिच्या तोंडी घालायचा, ही दादांच्या ‘धरावे’ची धाकटी बहीण आहे.

मी तिला सल्ला दिला नाही. एवढेच म्हटले, की सहीला मुदत नाही. कागद घरी ठेवा, आणि भावांना सांगा, मला वेळ हवा आहे. तिने तसे केले. मधल्या काळात थोरला दोनदा येऊन गेला, एकदा रागाने आणि एकदा आंबे घेऊन. धाकटा आला नाही, पण त्याची बायको फोन करते.

कागद अजून तिच्या ट्रंकेत आहे, सही नसलेला. भाऊबीज जवळ आली आहे. परवा ती बाजारात भेटली तेव्हा पिशवीत खसखस आणि सुके खोबरे होते. म्हणाली, थोरल्याला माझ्या हातच्याच करंज्या लागतात.